आपले स्थळ बंद राहील

मी आयुष्यात एक लग्न मोडलं. भांडण लावून नाही, कुणाचे कान भरून नाही, चक्क टाइप करून. आणि त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

नाशिकला अशोकस्तंभाजवळ पहिल्या मजल्यावर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नव्वदच्या दशकात पोरंपोरी टाइपरायटर सोडून कॉम्प्युटरकडे बघायला लागली, तशी मीही मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणून ठेवले. मग कोणीतरी म्हणालं, ‘मॅडम, आमची वेबसाइट करून द्या.’ वेबसाइट म्हणजे काय हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं, पण नाही म्हणायची सवय नव्हती. जाडजूड पुस्तक आणलं, चुकतमाकत शिकले, आणि दोन हजार सालानंतर बघता बघता माझ्याकडे तेवीस साइट झाल्या. त्याचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. आमच्या ह्यांना तो पाठ आहे आणि तेही कंटाळलेत.

आता ते काम मी सोडलंय. कोणाची साइट बंद पडली तर तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीला फोन लावतो आणि अर्धा तास गाणं ऐकत बसतो. मला फोन येत नाही. देवाशपथ सांगते, यासारखं सुख नाही. पूर्वी दुपारचं जेवण झालं की फोनकडे बघत बसायची, आता झोप येते.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं. वेबसाइट म्हणजे दुकान धरा. डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी, आणि होस्टिंग म्हणजे दुकानाचा गाळा. लहान धंदेवाल्याने पाटीगणिक वेगळा गाळा घ्यायचा म्हटलं तर त्याला ते झेपायचं नाही. मग माझ्यासारखी बाई एक मोठा गाळा घ्यायची, आत कप्पे पाडायची आणि बाहेर तेवीस पाट्या लावायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, तेवीस स्वतंत्र दुकानं आहेत. आतून सगळे एका छपराखाली. आणि विजेचं मीटर एकाच्याच नावावर! खातं उघडताना जे पहिलं डोमेन द्यावं, ते त्या खात्याचं मुख्य डोमेन. बाकीचे बावीस जण पोटभाडेकरू. कागदोपत्री सगळा कारभार त्या पहिल्याच्या नावाने चालतो.

गिऱ्हाइकांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ यायचे. दोन भाऊ होते, चिवड्याचे. वाटण्या झालेल्या, एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि दोघांच्याही साइट माझ्याच खात्यात शेजारी शेजारी. धाकट्याला एकदा ते कळलं. तो म्हणाला, ‘मॅडम, त्याचा कप्पा दुसऱ्या टोकाला न्या, मसाला चोरेल माझा.’ एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना गुरुवारी बंद, म्हणून साइटही गुरुवारी बंद ठेवा असा त्यांचा आग्रह. म्हटलं, डॉक्टर, ती चोवीस तास चालू असते. तर म्हणाले, ‘मग पेशंट म्हणेल ना, साइट उघडी आणि डॉक्टर घरी झोपलाय!’ मी खरोखर दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या साइटवर ‘उद्या बंद’ अशी पाटी लावायची. काय करता? गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

माझ्या खात्याचं मीटर होतं एका वधूवर सूचक मंडळाच्या नावावर. मंडळाची कचेरी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. चिटणीस दामूअण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. जिना उतरून खाली आले म्हणून ते पहिले गिऱ्हाईक झाले, दुसरं काही कारण नाही. मराठीचा अभिमान इतका की ‘वेबसाइट’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. ‘शोभाताई, संकेतस्थळ म्हणा, संकेतस्थळ!’ त्यांच्या धाकाने मीही गिऱ्हाइकांना लिहिताना संकेतस्थळ लिहायला लागले. ऐकायला भारदस्त वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सटाण्याच्या आप्पांनाही दामूअण्णांनीच आणलं. आप्पा कांद्याचे मोठे व्यापारी. मुलीचं नाव नोंदवायला वर मंडळात गेले आणि उतरताना खाली माझ्याकडे साइट करून गेले. कांदा दुबईला, मलेशियाला जायचा, तिकडच्या लोकांना फोटो दाखवायला साइट हवी होती. मुलगी कल्पना, एकोणतीस वर्षांची, ऑफिसचं सगळं तीच बघायची. परदेशातली पत्रं, कागदपत्रं, साइटवरचे फोटो. फोनवर माझ्याशी बोलायची ती मोजकंच आणि नेमकं. अशी गिऱ्हाइकं देव सगळ्यांना देवो.

कल्पनाचं एक लग्न आधी ठरून मोडलं होतं. तीन वर्षांपूर्वी. साखरपुडा झाला, दीड महिना गेला, आणि मुलाकडून मध्यस्थामार्फत एका ओळीचा निरोप आला, की योग नाही. आप्पांनी तेव्हापासून गावातल्या लग्नांना जाणं बंद केलं होतं. आता दामूअण्णांच्या मंडळातून इगतपुरीचं स्थळ जमलं. मुलगा प्रशांत, धरणाच्या कामावर ओव्हरसियर, वडील रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. बघणं झालं, पसंती झाली, दोन-तीन महिने मुलामुलीचं फोनवर बोलणंही चालू होतं. श्रावणातला एक रविवार साखरपुड्याला ठरला. दामूअण्णा मला जिन्यात थांबवून म्हणाले होते, ‘हे एक नीट पार पडलं की मी सुटलो. पुन्हा काही झालं तर ती पोर उभी राहणार नाही.’

नेमकं त्याच सुमाराला माझ्या जुन्या होस्टिंग कंपनीने उच्छाद मांडला. रोज दुपारी दोन ते चार तेवीसच्या तेवीस साइट झोपायच्या. कंपनीला लिहिलं की उत्तर यायचं, आम्ही लक्ष घालतोय. डोंबल लक्ष! शेवटी मी ठरवलं, सगळं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं. दोन-तीन दिवस साइट बंद राहणार, तेव्हा सगळ्यांना आधी कळवायला हवं. मी ई-मेलचं पत्र लिहायला बसले.

त्या काळी बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी दिसायच्या, म्हणून मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत होती. इंग्रजी अक्षरांत ‘संकेतस्थळ’ लिहून बघितलं तर ते केरळातल्या एखाद्या गावासारखं दिसायला लागलं. वाचताना माझीच जीभ अडखळली. म्हणून मी ‘संकेत’ उडवला आणि नुसतं ‘स्थळ’ ठेवलं. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे:

‘सप्रेम नमस्कार. आपले स्थळ सध्या जिथे आहे तिथे वारंवार अडचणी येत आहेत व समोरून योग्य प्रतिसाद मिळत नाही. सबब पुढच्या रविवारी आपले स्थळ तिथून काढून घेत आहोत. दुसरीकडे जमवायला दोन-तीन दिवस लागतील, तोपर्यंत आपले स्थळ बंद राहील. यात आपला काहीही दोष नाही. पूर्वीच्या ठिकाणी काही दिले असल्यास त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. कळावे, लोभ असावा.’

तीनदा वाचलं. टायपिंगवाली बाई मी, अक्षरं वाचते. अर्थ वाचायची सवय कमी. शनिवारी सकाळी खात्यावरून एकगठ्ठा सगळ्यांना पाठवून दिलं. पाठवताना ‘कोणाकडून’ अशी एक ओळ असते. तिथे माझं नाव घालायला मी विसरले. ती ओळ कोरी राहिली की सर्व्हर आपणहून मुख्य डोमेनचं नाव तिथे घालतो. म्हणजे मीटर ज्याच्या नावावर, त्याचं. तेवीस गिऱ्हाइकांना ते पत्र गेलं वधूवर सूचक मंडळाकडून!

बहुतेकांनी ते वाचलंच नाही किंवा वाचून सोडून दिलं. चिवड्याच्या थोरल्या भावाने तेवढा फोन केला, ‘मॅडम, माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली, आता कसलं स्थळ?’ मला वाटलं, थट्टा करतोय. मीही हसले. अक्कल गहाण टाकली होती मी त्या दिवशी, दुसरं काय!

सोमवारी सकाळी दामूअण्णा जिना उतरून आले. चेहरा पांढराफटक. खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘शोभाताई, माझ्या नावाने तुम्ही सटाण्याला काय पाठवलंत?’

मग सगळं कळलं. शनिवारी आप्पांनी स्वतः ते पत्र उघडलं, इंग्रजी अक्षरं ते धंद्यापायी शिकले होते. पाठवणार मंडळ, मजकूर ‘आपले स्थळ काढून घेत आहोत’, वार साखरपुड्याचा रविवार. दुसरा अर्थ कोण काढेल? तीन वर्षांपूर्वी निरोप आला तेव्हा आप्पा नुसते गप्प बसले होते. या वेळी त्यांनी ठरवलं, लोकांनी मोडायच्या आत आपणच मोडायचं. इगतपुरीला फोन लावला, ‘आम्हाला तुमचं स्थळ नको’ म्हणाले आणि ठेवून दिला. मग दामूअण्णांना फोन करून तोंडाला येईल ते बोलले. दामूअण्णा शपथेवर सांगत होते की मी काही पाठवलं नाही, पण आप्पा म्हणत होते, ‘तुमच्या नावानं आलंय, माझ्या डोळ्यांनी वाचलंय.’ इगतपुरीला दामूअण्णांनी फोन केला तर प्रशांतचे वडील म्हणाले, ‘विषय संपला, अण्णा. ज्या घरात फोनवर नाही म्हणतात तिथे आम्हाला जायचं नाही.’ पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

साइट बंद पडणं वेगळं. ती संध्याकाळी पुन्हा सुरू होते. मुलीचं मोडलेलं लग्न कुठल्या बटणाने सुरू करणार? मी पत्र छापून घेतलं आणि मंगळवारी सकाळी सटाण्याच्या गाडीत बसले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

आप्पांचं ऑफिस म्हणजे कांद्याच्या खळ्याला लागून एक खोली. बाहेर पन्नासेक बाया कांदा निवडत बसलेल्या, सगळीकडे फोलपटं उडत होती. आप्पा गादीवर. मला बघून उठले नाहीत. मी आपली उभ्याउभ्याच सुरुवात केली, की ते पत्र मंडळाचं नव्हतं, माझं होतं, स्थळ म्हणजे साइट.

‘म्याडम,’ आप्पा अर्ध्या अहिराणीत म्हणाले, ‘मी चौथी शिकेल शे, पण मराठी मले समजस. स्थळ म्हणजे स्थळ. मनी पोर काय कांदा शे का, परत पाठवाले?’

‘आप्पा, परत कोणी पाठवलेलं नाही. चूक माझी झाली.’

‘मग नाव अण्णांचं कसं? तुम्ही त्यांना पाठीशी घालताय.’

गाळा, पाट्या, मीटर, सगळं सांगून झालं. आप्पांचं आपलं एकच, ‘नाव अण्णांचं.’ शेवटी माझाच पारा चढला. म्हटलं, ‘उठा. इकडे या. तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते.’ त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. फोनच्या तारेवरचं इंटरनेट ते, किंकाळ्या मारत एकदाचं लागलं. मी माझं खातं उघडलं आणि म्हटलं, ‘सांगा, काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहिते. बघा कोणाच्या नावाने येतं.’

आप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाले, ‘लिखा. आप्पा येडा शे.’

मी लिहिलं. ‘कोणाकडून’ ही ओळ मुद्दाम कोरी ठेवली, पाठवलं. दोन मिनिटांनी आप्पांच्या पेटीत पत्र आलं. वधूवर सूचक मंडळ, नाशिक, यांच्याकडून: आप्पा येडा शे.

ते पत्र आप्पांनी दोनदा वाचलं. मग छापलेलं जुनं पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ‘समोरून प्रतिसाद नाही,’ ते पुटपुटले. ‘म्हणजे मशीनचा?’ म्हटलं, हो, मशीनचा. त्यांनी चष्मा काढला. ‘अरे देवा,’ म्हणाले, ‘मी काय करी बसनू!’

मला इतकं हायसं वाटलं की मी न विचारता गादीवर बसले. म्हटलं, ‘आता इगतपुरीला एक फोन करा, की झालं.’ आप्पांनी फोनवर हात ठेवला. उचलला नाही. तसाच हात ठेवून बसले. मग म्हणाले, ‘कोणत्या तोंडाने करू? उद्या बघतो,’ आणि उठून बाहेर गेले. खळ्यातून त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. बायांनी कांदा नीट निवडला नाही म्हणून ओरडत होते.

कल्पना इतका वेळ कोपऱ्यातल्या टेबलावर होती. तिने चहा आणून ठेवला आणि माझ्यासमोर बसली. मी तिचे हात धरले. म्हटलं, ‘बाई गं, मला माफ कर. तुला काय वाटलं असेल ते पत्र वाचून!’

‘मला काही नाही वाटलं मॅडम. मला शनिवारीच कळलं होतं.’

‘काय कळलं होतं?’

‘की ते साइटबद्दल आहे. तेच पत्र आमच्या दुसऱ्या पत्त्यावर पण आलं होतं. निर्यात विभागाच्या. ती पेटी मीच बघते.’ ती जराशी हसली. ‘निर्यात विभागाचं लग्न कोण मोडणार, मॅडम?’

मला असा संताप आला म्हणता! ‘अगं मग बोलली का नाहीस? वडिलांनी लग्न मोडलं तुझं! अण्णांचं रक्त आटलं, मी इथवर धडपडत आले, आणि तू चहा करत बसलीस?’

ती उठून दार लोटून आली. ‘आप्पांनी मला विचारायच्या आत फोन केला. मी सांगेपर्यंत झालंसुद्धा होतं. मग मी विचार केला, राहू दे.’ मग म्हणाली, ‘मॅडम, मागच्या वेळी निरोप आला, आप्पांनी बरं म्हटलं आणि संपलं. दीड महिना रोज बोलत होतो आम्ही. त्या मुलाने मला एक फोन केला नाही. का, म्हणून मला स्वतःला विचारता आलं नाही, आणि घरातल्या कोणी त्याला विचारलंही नाही. मला जेवढं मोडल्याचं लागलं नाही तेवढं ते लागलं. या वेळी म्हटलं, बघू तर खरं. नाही म्हटल्यावर हा विचारायला येतो का.’

‘आणि नाही आला तर?’

‘तर मला नकोच.’

मी म्हटलं, ‘वेडी आहेस का? त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्यालाही तुझ्यासारखंच वाटलं असेल, की झिडकारलं.’

‘वाटू दे ना. मलाही वाटलं होतं. मी तर तेव्हा एका मैत्रिणीला त्या पहिल्या मुलाच्या गावाला पाठवलं होतं, नुसतं का ते विचारायला. दारातून परत पाठवलं तिला.’ तिने माझ्या कपात उरलेला चहा ओतला. ‘रविवारपर्यंत कोणाला काही सांगू नका. आप्पा फोन करणार नाहीत, मी ओळखते. नाही म्हणायला त्यांना अर्धं मिनिट लागतं, चुकलो म्हणायला आठ दिवस.’

‘रविवारी तुझा साखरपुडा आहे!’

‘होता,’ ती म्हणाली.

आता काय करावं? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी नुसता फोन फिरवला असता तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं, आणि ती मुलगी जन्मभर मनात शंका घेऊन नांदली असती. गप्प बसले आणि तो आला नाही, तर लग्न माझ्या पत्राने मोडलं हे कायमचं माझ्या कपाळी. मी वचन दिलं. दिलं खरं, पण माझ्यासारख्या बाईने गप्प बसायचं म्हणजे काय असतं हे आमच्या ह्यांना विचारा. नाशिकला येऊन फक्त दामूअण्णांना सांगितलं, तेही शपथ घालून. ते म्हणाले, ‘शोभाताई, मी चाळीस वर्षं परीक्षा घेतल्या, पण अशी नाही बघितली.’

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून दामूअण्णांचा आवाज आला, ‘शोभाताई, जरा वर या.’ गेले. मंडळाच्या बाकावर एक मुलगा बसला होता, अंगात रेनकोट, पायाशी पाण्याचं थारोळं. नाशिकला लख्ख ऊन होतं. म्हणजे पावसाच्या इगतपुरीचाच, मी ओळखलं.

‘मॅडम, अण्णा म्हणतात काय ते तुम्हाला माहीत आहे,’ प्रशांत म्हणाला. ‘त्यांच्याकडून अचानक नकार आला. कारण कोणीच सांगत नाही. बाबा म्हणतात विषय संपला.’

‘मग तुम्ही का आलात?’

‘बाबांचा संपला असेल.’

अहो, माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं! पत्र, मीटर, निर्यात विभाग, सगळं. दामूअण्णा माझ्याकडे असे बघत होते की मी तोंड उघडलं तर ते हात ठेवतील. मी पदराचं टोक मुठीत आवळलं आणि म्हटलं, ‘मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. जिने नाही म्हटलं असं तुम्हाला वाटतंय, तिला विचारा.’

‘फोन केला होता दोनदा. आप्पाच उचलतात. मी आवाज ऐकून ठेवतो.’

‘फोनवर कशाला विचारायचं? सटाण्याची गाडी आहे आत्ता साडेअकराला, जुन्या सीबीएस स्टँडवरून.’

त्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग उठला, ‘येतो’ म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला. दामूअण्णांनी डोळे मिटून हात जोडले. मी खिडकीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं, कारण माणसाचा काय भरवसा, चौकातून इगतपुरीच्या गाडीतही बसायचा.

त्या दिवशी मी विद्यार्थिनींच्या कागदावर चुकांच्या जागी बरोबरच्या खुणा केल्या. पत्र पाठवणाऱ्या त्या सोयीत ‘कोणाकडून’ ही ओळ भरल्याशिवाय पत्र जाणारच नाही, अशी कडी मी त्या दुपारी बसून लावली. गाळ्याला आग लागून गेल्यावर पाण्याची बादली भरून ठेवण्यातला प्रकार, पण हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं. पुढे इतकी वर्षं ती कडी कधी काढली नाही.

पाचची बॅच सुरू झाली आणि फोन वाजला. तेव्हा माझ्याकडे अजून अठरा टाइपरायटर होते, बॅच ऐन रंगात आली की आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. मी एका कानात बोट घालून रिसीव्हर दुसऱ्या कानाला दाबला. आधी आप्पा. ‘म्याडम!’ एवढंच ओरडले. मग कल्पनाने फोन घेतला.

‘आला,’ ती म्हणाली.

‘काय म्हणाला?’

‘सगळ्या बायांसमोर खळ्यात उभा राहिला. आप्पांना म्हणाला, तुम्ही नाही म्हणू नका, तिला म्हणू दे. कारण नाही सांगितलं तरी चालेल, पण तिने म्हणावं.’

‘आणि तू?’

‘मी म्हटलं, आधी पाणी घ्या.’

मी मोठ्याने हसले. हसता हसता खुर्चीत बसले. मी विचारलं, सांगितलंस का त्याला, की पत्र मुळात साइटचं होतं आणि तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं? म्हणाली, सांगितलं, दोन्ही पत्रं दाखवली. चिडला? म्हणाली, थोडा चिडला. म्हणाला, पाच दिवस मी जेवलो नाही धड, एवढं मात्र तुझ्याकडून भरून घेणार. आप्पांनी त्याच्यासमोरच इगतपुरीला फोन लावून ‘चुकलो’ म्हटलं होतं, आणि रविवार ठरल्याप्रमाणे कायम होता.

‘मग आता काय गं,’ मी म्हटलं, ‘सुटलीस!’

मशीनच्या खडखडाटातून तिकडचा हुंदका ऐकू आला. शनिवारपासून ती मुलगी रडली नव्हती. तीन वर्षांपूर्वीसुद्धा रडली नव्हती म्हणे, आप्पांकडे बघून. ‘मागच्या वेळी कोणी आलं नव्हतं, मॅडम,’ एवढंच ती परत परत म्हणत राहिली.

‘रड,’ मी म्हटलं, ‘मी आहे फोनवर.’ आणि मुलींना हाताने खूण केली, जरा वेळ मशीन थांबवा.